आभाळाच्या दिवशी अंघोळ नाही

आमच्या सासरी आभाळाच्या दिवशी कुणी अंघोळ करत नसे. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठले, चूल पेटवली, घंगाळात पाणी ओतायला गेले, तर सासूबाई धावत आल्या आणि बादली हिसकून म्हणाल्या, "अगं थांब, आज आभाळ हाये!" मी वर पाहिलं. आभाळ होतं. ते काल पण होतं. मला वाटलं, आपल्या बापानं घर बघितलं, शेत बघितलं, पण माणसांच्या डोक्याची चौकशी करायची राहून गेली.

मग कळलं. माझे सासरे नाटकांचे पडदे रंगवायचे. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्या भागात गावोगाव नाटक मंडळं निघाली होती. राज्य नवं झालं तरी नाटकं जुनीच होती. राजा, राणी, प्रधान, आणि प्रधानाचं कारस्थान. प्रत्येक मंडळाला पडदा एकच लागे: पुढं महाल, मागं आभाळ. आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडं, रस्त्याला लागून. मंडळवाले बैलगाडीनं यायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि महाल सांगून जायचे. महाल सांगताना ते आभाळाचा उल्लेखही करत नसत. आभाळ काय, असतंच, असं सगळ्यांना वाटतं.

आणि तिथंच सगळी गोम होती. पडदा मोठा आणि आमचं घर लहान. मांजरपाटाच्या कापडाचा पन्हा तो केवढा. असे पाच पट्टे उभे जोडावे तेव्हा एक पडदा होई. एवढा पडदा टांगायला भिंत नव्हती. म्हणून एकेक पट्टा गोठ्याच्या भिंतीला ठोकायचा, सुटा रंगवायचा, आणि शेवटी पाचही पट्टे आमच्या ह्यांनी मशीनवर जोडायचे. हे शिवणकाम करत. रंगातलं काही विचारलं की म्हणत, "शिवायचं असलं तर सांगा." संसारात पण त्यांचं धोरण तेच होतं.

आता महालाचा एक खांब तांबूस आणि दुसरा पिवळट झाला तर कुणी काही बोलत नाही. राजाचं घर आहे, असतील दोन रंगांचे खांब. पण आभाळ पाची पट्ट्यांवरून सलग जातं. त्यात मध्ये खांब नाही, खिडकी नाही, पोपट नाही. एक पट्टा जरा गडद झाला की जोड लांबून दिसतो. शेजारच्या मोठ्या गावच्या मंडळानं एकदा जालन्याहून पडदा आणला होता. त्याचे पाच पट्टे पाच तऱ्हेचे निळे. राजा रंगात येऊन भाषण करत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "राजेसाहेब, आभाळाला ठिगळ लागलंय की!" राजा पुढचं भाषण विसरला. मामाजींना ही गोष्ट इतकी आवडायची की जेवताना पण सांगायचे. मामाजी म्हणजे सासरे. आमच्याकडं तसंच म्हणतात.

तर जोड दिसू नये म्हणून घरात नियम होते. पाची पट्ट्यांचं कापड एकाच ताग्याचं. पाणी एकाच विहिरीचं. ढवळणारा हात एकच. मी आल्यापासून तो माझा, कारण घरात माझेच दंड जाड. पट्टा सावलीत वाळवायचा. आणि मुख्य म्हणजे पाची पट्ट्यांचा रंग एकाच वेळी, एकाच भांड्यात कालवायचा. थोडा थोडा कालवला की गेलंच. काल आणि आज एकच मूठ घेतली तरी तोच रंग येत नाही. घरातलं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे अंघोळीचं घंगाळ. म्हणून आभाळाच्या दिवशी अंघोळ नाही. मामाजी रोज अंघोळ करून बालाजीची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नसत, पण त्या दिवशी बालाजी पण तसाच राही. "त्याला सांगून ठेवलंय," म्हणत.

रंग तरी काय, सफेदा, नीळ, चिमूटभर काजळी, आणि बांधायला सरस. सरस चामड्यापासून करतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. तो बाहेर परसात, तुटक्या डेचकीत शिजायचा आणि त्याचा वास अख्ख्या गल्लीला सांगायचा की आज आभाळ आहे. ओला रंग दिसतो एक आणि वाळला की होतो दुसरा, चांगला फिका. त्यामुळं मामाजी चिंधी बुडवून ती गरम डेचकीच्या पोटावर वाळवत, वाळली की उन्हात धरत, मान हलवत आणि मग कुंचला उचलत. मी संग्रामपूरकडची. आमच्याकडं खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथं रंगाचे एवढे लाड कोण करतो! मी एकदा म्हटलं, "मामाजी, मले तं सारखाच दिसते." ते म्हणाले, "तुझे डोळे अजून माहेरचे हायेत." माझं 'मले' आणि 'जाऊन राह्यली' ऐकून त्या घरात आधी सगळे हसायचे. हे लोक स्वतः 'जायलो', 'करायलो' म्हणणारे. आपलं ते बरं आणि दुसऱ्याचं ते हसण्यासारखं.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. पहिल्या दिवाळीला मी घर झाडताना रंगाचे डबे पुसले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडून ठेवले. मला वाटलं, कौतुक होईल. सासूबाई आत आल्या, डबे पाहिले आणि अशा ओरडल्या की शेजारीण भिंतीवरून डोकावली. "डबे हलवायचे न्हाईत! कधीच न्हाई! जिथं व्हते तिथं ठेव!" सासूबाईंचा आवाज एरवी मांजराला हाकलण्यापुरता. मी डबे परत ठेवले आणि आठवडाभर त्यांच्याशी तोंड फुगवून वागले. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

एका श्रावणात त्याच शेजारच्या गावचं मंडळ आमच्या ओट्यावर आलं. ठिगळाच्या आभाळाचे ते हेच. मंडळाचे अध्यक्ष मोठे जमीनदार होते. पैसा त्यांचा, म्हणून राजाची भूमिका कायम त्यांचीच, आणि त्यामुळं चालताना पण ते राजासारखे चालायचे. त्यांना देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत नाटक करायचं होतं. चार तालुक्यांची माणसं येणार. "पुन्हा ठिगळ म्हणलं कुणी, तर मी राजा व्हायचा न्हाई," ते म्हणाले. मंडळातल्या बाकीच्यांना ही अट तशी वाईट वाटली नसावी.

मामाजींना हुरूप आला. आमचा पडदा बालाजीच्या यात्रेत! ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या आभाळात जोड निघाला, तर त्या दिवसापासनं कुंचला खाली ठेवीन." कुणी मागितलं नव्हतं. पडदा परत घेईन म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मामाजी बोललेला शब्द गिळणाऱ्यांतले नव्हते. आत दाराआड सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला तेव्हा वाटलं, त्यांचं डोकं दुखतंय.

पाऊस सरला, ऊन पडलं, आणि आभाळाचा दिवस ठरला. मी सकाळपासून घंगाळात ढवळत होते. मामाजींनी आपल्या हातानं डब्यांतून मुठी घेतल्या, चिंध्या वाळवल्या, मान हलवली. संध्याकाळपर्यंत तीन पट्टे झाले. आभाळ इतकं सुरेख उतरलं होतं की मला पण कौतुक वाटलं, आणि मी सहजासहजी कौतुक करणारी नव्हे. उरलेले दोन पट्टे उद्या, याच रंगातून. घंगाळावर ओलं पोतं टाकलं आणि सगळे दमून बसलो.

तेवढ्यात जावई आले.

म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. न सांगता, सवडीनं, पिशवी घेऊन. कापसाच्या भावावर बोलायला त्यांना दुसरीकडं कुणी बसू देत नसावं. सासूबाई एरवी शहाण्या बाई होत्या, पण जावई म्हटला की त्यांची बुद्धी पदरात तोंड लपवून बसे. जावयाला सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी पाहिजे. गरम पाणी म्हणजे घंगाळ. आणि घंगाळात तर आभाळ! मी म्हटलं, "एक दिवस नाही केली अंघोळ तं काय मरते काय माणूस?" त्या म्हणाल्या, "शू! जावई हाये." पुढं वाद घालण्यासारखं काही उरलं नाही.

सकाळी मी गाईची धार काढत होते, तोवर त्यांनी रंग तांब्याच्या मोठ्या हंड्यात ओतून घेतला, घंगाळ घासलं आणि जावयाला पाणी काढून दिलं. जावई अंघोळ करून आले तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या निळसर होत्या. स्वभावानं भिडस्त माणूस, कुणाला काही विचारलं नाही.

मामाजी देवाला नमस्कार करून गोठ्यात आले आणि मी ढवळायला म्हणून हंड्यात दांडका घातला. तळाशी काहीतरी खडखडलं. मी ढवळलं तसं वर आलं. चिंचोके.

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. जावयाला पिण्याचं पाणी लखलखीत हंड्यातून द्यावं म्हणून त्यांनी रात्रीच हंड्याला आतून-बाहेरून चिंच चोपडून ठेवली होती, सकाळी घासायचा म्हणून. आणि सकाळी घाईत त्या चिंचेवरच आभाळ ओतलं. चिंच निळीला खाते. हंड्यात आता जे होतं त्याला निळं म्हणायला छाती पाहिजे. चुलीतली राख पाण्यात कालवावी तसं दिसत होतं, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास मारत होता. वासाचं एवढं नाही, मामाजींना तपकिरीपुढं कधी कसला वास आला नव्हता. पण रंग!

आता हे ओरडणार. मी मनाची तयारी केली. मामाजी ओरडले की छपरावरची कबुतरं उडायची. रंगात एक काडी पडली म्हणून त्यांनी ह्यांना एकदा घराबाहेर काढलं होतं. आता तर काय, आज दोघी सासवा-सुना बाहेर. मी दांडका हातात घेऊन उभी राहिले. मामाजी वाकले. हंड्यात पाहिलं. कुंचला बुडवला, वर धरला, थेंब गळू दिले. नव्या पट्ट्यावर एक हात मारला. मागं सरून बघितलं.

"झकास," म्हणाले. "ढवळत राहा."

आणि ते रंगवू लागले. निळ्याशार तिसऱ्या पट्ट्याशेजारी राखेचा चौथा पट्टा. वरून खाली, शांतपणे. ते ओरडले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. मी तोंड उघडलं, "मामाजी, हा रंग..." तर सासूबाईंनी मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला.

पट्टा संपवून मामाजी जेवायच्या आधी ओट्यावर टेकले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना धरलं. "आत्याबाई, मामाजी ओरडले काऊन नाही?"

त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "ओरडायला दिसायला पाहिजे."

भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "उजवा तर गेलाच हाये. डाव्यानं भागवायलेत. त्यातपण निळं आधी गेलं."

"कधीपासून?"

"तू ते डबे हलवले व्हते ना? त्याच्या आधीपासनं."

डबे! ते डब्यांच्या जागेवरून रंग ओळखत होते. भिंतीकडून पहिला सफेदा, मग नीळ, मग पिवडी, मग गेरू. आणि मी, शहाणी, लहान-मोठे लावून ठेवले होते. एवढी मोठी गोष्ट घरात आणि एक शब्द नाही! मी म्हटलं, "मंग बोलत काऊन नाही तुम्ही?"

"काय बोलू? त्यांनी मला सांगितलं न्हाई, मी त्यांना सांगितलं न्हाई. चाललंय."

"अन् आता? जोड तं आंधळ्यालेही दिसन." बोलून गेले आणि जीभ चावली.

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कुंचला ठेवला तर ते बसून राहतील. बसून राहिलेला माणूस तू अजून पाहिला न्हाईस. माझा बाप बसला व्हता. बैलं विकली अन् ओट्यावर बसला. वर्षात गेला." आणि एवढं सगळं बोलताना त्यांनी भाकरी करपू दिली नाही. मला त्या बाईचा राग पण आला आणि तिच्या गळ्यात पडावं असं पण वाटलं. दोन्ही करायला वेळ नव्हता.

मामाजी दुपारी जेवून लिंबाखाली पडत. त्यांना तिथंच अडकवायला माणूस पाहिजे होता. मी जावयांसमोर गेले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "जावईबापू, उद्याची अंघोळ विहिरीवर. अन् आता मामाजींपाशी जाऊन बसा. कापसाचा भाव सांगा. ते उठले तं पुन्हा सांगा." सासूबाईंनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. जावई मात्र खूश झाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपण होऊन बोल म्हणालं होतं. बिचारे दिवस मावळेपर्यंत बोलले. त्या घरासाठी त्यांनी केलेलं एवढंच एक काम, पण ते त्यांनी मन लावून केलं.

इकडं आम्ही दोघींनी घंगाळ गोठ्यात आणलं आणि नवीन आभाळ कालवायला घेतलं. सासूबाईंना मुठींचा हिशेब पाठ होता, पण तो मामाजींच्या मुठीचा. सासूबाईंची मूठ लिंबाएवढी. पहिला रंग आला तो दुधात थेंबभर शाई पडावी तसा. मग मी मूठ घेतली, तर एकदम गडद. चिंधी बुडव, डेचकीच्या पोटावर वाळव, तिसऱ्या पट्ट्यावर नेऊन ठेव, बघ, नाही, परत. चिंधी ठेवली की तिची कड दिसायची. कधी उजळ, कधी काळपट. मी एवढ्या चिंध्या वाळवल्या की माझं एक जुनं लुगडं त्यात गेलं. रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, "डोळे बारीक कर, मोठे करून दिसत न्हाई." मग काजळी एक चिमूट, सफेदा अर्धी मूठ, पुन्हा वाळव. आणि एकदा चिंधी ठेवली, डोळे बारीक केले, तर चिंधी सापडेना. मी म्हटलं, पडली वाटतं खाली. खाली पाहिलं, नाही. पट्ट्यावर हात फिरवला तेव्हा बोटाला लागली. होती तिथंच.

सासूबाईंनी घंगाळाला हात जोडले. मी राखेच्या पट्ट्यावर वरून खाली नवा हात दिला. मामाजींसारखाच दिला, इतकी वर्षं दांडका धरून बघत तर होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना सांगितलं, रंग परत घंगाळात ओतलाय. त्यांनी त्याच रंगातून पाचवा पट्टा केला. मग चार-आठ दिवसांत महाल, खांब, जाळ्या, गच्ची. ते सगळं मामाजींनीच केलं, आणि डबे आपल्या जागेवर होते. ह्यांनी पट्टे जोडले. जोडताना चौथ्या पट्ट्यापाशी थांबून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "शिवा." त्यांनी शिवलं.

यात्रेच्या आधी अध्यक्ष पडदा न्यायला आले. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात दोन खांबांना बांबू बांधून पडदा वर चढवला. भर दुपारचं ऊन. गाव लोटलं होतं. आम्ही बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या. अध्यक्ष राजाच्या चालीनं जवळ गेले, लांब गेले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जमिनीवर वाकून पण पाहिलं. सासूबाई मला दंडाला धरून होत्या, चिमटा काढला होता त्याच.

"अहो, आभाळ हाये का काय!" अध्यक्ष म्हणाले. "जोड कुठंय?" लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झालं एकदाचं. आता गाडीत घाला आणि जा.

मामाजी पुढं झाले. हसत होते. पडद्यापाशी गेले आणि उजव्या हाताचा तळवा आभाळावर ठेवून एका कडेनं चालत निघाले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसे. पहिला जोड ओलांडला. दुसरा ओलांडला. तिसऱ्या जोडाच्या पुढं हात गेला आणि थांबला. मागं आला. परत पुढं गेला. अंगठ्यानं घासून बघितलं. त्यांचं हसू तिथल्या तिथं उतरलं.

"मालक, जोड हाये," ते म्हणाले.

"कुठं?"

"हितं. तिसऱ्या अन् चौथ्याच्या मधी."

अध्यक्षांनी नाक लावून पाहिलं. "दिसत न्हाई की हो."

"दिसत न्हाई. पण हाये. हितं दोन थर बसलेत. मी थर एकच देतो."

"अहो, पण दिसतच न्हाई तर जोड कसला?"

"हाताला लागतोय."

"नाटक काय हातानं बघायचंय का?"

पडदा घेणारा म्हणतो जोड नाही आणि करणारा म्हणतो आहे, असं भांडण आमच्या भागात आधी झालेलं नव्हतं. लोकांना कुणाची बाजू घ्यावी कळेना. शेवटी मामाजी म्हणाले, "पडदा तुमचा. न्या. कुणी ठिगळ म्हणनार न्हाई. चौथा पट्टा माझ्या सुनेच्या हातचा हाये. मी कुंचला ठेवला." आणि खांद्यावरचं उपरणं झटकून घराकडं निघाले. सगळं गाव भिंतीकडं, म्हणजे माझ्याकडं बघायला लागलं. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ऐकलं होतं. तेव्हा ते खरंच वाटलं.

मला इतका राग आला! एवढा खटाटोप केला, लुगडं घालवलं, जावयाचा अपमान केला, आणि या माणसानं चार लोकांत आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. घरी पोचले ती पदर डोक्यावरून पडलेला तसाच. सासऱ्यांपुढं मी कधी मान वर केली नव्हती, त्या दिवशी आवाज वर केला. "कोणालेच दिसला नव्हता! तुमाले काय पडलं होतं सांगाचं?"

मामाजी ओट्यावर बसले होते. शांतपणे म्हणाले, "अध्यक्षांना जोड दिसला न्हाई, कारण तुम्ही तो ठेवलाच न्हाई. मला दिसला न्हाई, कारण मला दिसतच न्हाई. ह्या दोन्ही गोष्टी एकच हायेत का, पोरी?"

मला रडूच आलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं. सासूबाई आत वळल्या आणि चहाचं आधण ठेवलं. बराच वेळ भांड्याचा आवाज आला, चहा काही आला नाही.

जरा वेळानं मामाजींनी विचारलं, "काय झालं व्हतं त्या रंगाला?"

"चिंच," मी म्हटलं.

"चिंच कुठनं आली?"

"हंड्याची. जावई आले होते ना."

त्यांनी विचार केला. "जावई," म्हणाले. "मग बरोबर हाये."

नाटक यात्रेत झालं. ठिगळ कुणी म्हणालं नाही. अध्यक्षांचं भाषण मात्र लोकांना लांबलेलं वाटलं. त्यानंतर मामाजी बसले. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच. सकाळी अंघोळ, मग पूजा, पूजा रोज थोडी लांबत चाललेली, मग ओटा. बुलढाण्याला डोळे दाखवायला नेलं, डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. कुंचले त्यांनी धुऊन, सुतळीनं बांधून खुंटीला टांगले होते. जेवताना ठिगळाची गोष्ट सांगणं पण बंद झालं. सासूबाई त्यांच्या ताटातली उरलेली भाकरी रोज बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या घराला न बोलायची सवयच होती. मला नव्हती. पण काय बोलावं ते मला पण सुचत नव्हतं.

थंडीत मेहकरच्या बाजूचं एक मंडळ आलं. महाल सांगितला. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "करते." आवाज पाहिजे तेवढा निघाला नाही, पण मंडळवाल्यांना ऐकू गेला.

आभाळाच्या दिवशी पहाटे उठले. घंगाळ गोठ्यात नेलं, सरस शिजायला ठेवला. उजाडताना बाहेर आले तर मामाजी ओट्यावर बसलेले. केस विस्कटलेले, अंगावर रात्रीचाच सदरा. देवापुढची फुलांची परडी रिकामी. सासूबाई त्यांना म्हणत होत्या, "अहो, विहिरीवर जाऊन दोन तांबे घ्या की अंगावर. आता तुम्हाला काय त्याचं?"

"आज आभाळ हाये," मामाजी म्हणाले.

मी आत गेले आणि ढवळायला लागले. त्या दिवशी सरसाचा वास डोळ्यांतच जात असावा, डोळे सारखे भरून येत होते. सफेदा, नीळ, काजळी. चिंधी बुडवली, डेचकीच्या पोटावर वाळवली. उन्हात धरली. रंग चांगला उतरला होता. कुंचला घ्यायला वळले तर दारात मामाजी, एक हात पुढं करून उभे.

"बघू," म्हणाले.

मी चिंधी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा आणि बोट यांच्यात धरून घासली, पुन्हा घासली, मग बोट माझ्यापुढं केलं. बोटाला निळी भुकटी लागली होती.

"सरस कमी हाये," ते म्हणाले.

मी डेचकीत पाहिलं. सरस कमीच शिजवला होता.